एआय वापरूनही मार्क का वाढेनात? एका विद्यार्थिनीची केस, किडनीच्या चॅप्टरसकट

ही केस फिजिऑलॉजी शिकणाऱ्या एका मुलीची आहे, नाव देत नाही, तिला विचारूनच लिहितेय. तिची तक्रार अशी होती की "ताई, मी आधीपेक्षा जास्त वेळ बसते, वाचलं की सगळं समजतं, पण लॉन्ग क्वेश्चनला मार्कच पडत नाहीत." तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की हे सगळं त्या एआयमुळे, ते आधी बंद कर. तिचं म्हणणं होतं की एआय नसतं तर मी पासही झाले नसते. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटत होत्या, म्हणून म्हटलं आधी तुझ्या चॅट उघड, नेमकं काय चालतं ते बघू.

चॅट वाचायला बरंच काही होतं. "हा चॅप्टर सोप्या भाषेत सांग." "अजून सोपं कर." "टेबल करून दे." "परीक्षेला येतील ते पॉइंट्स काढ." "लक्षात राहायला ट्रिक दे." असं पानंच्या पानं. आणि उत्तरं खरंच चांगली होती हां, ते मान्य करायला पाहिजे, हेडिंग, बुलेट, टेबल, सगळं इतकं नीटनेटकं की क्लासच्या नोट्स त्यापुढे फिक्या पडाव्यात. पण मी खाली खाली जात राहिले तरी एक गोष्ट काही सापडेना. तिने स्वतः काहीतरी सांगितलंय आणि एआयने ते तपासलंय असा एकही मेसेज नव्हता, सगळीकडे तिचं मागणं आणि त्याचं देणं.

म्हणून कोरा कागद दिला. किडनीचा चॅप्टर तिने आदल्याच आठवड्यात "कम्प्लीट" केला होता, तेव्हा म्हटलं त्यातलंच विचारते. फ्युरोसेमाइड हे औषध दिल्यावर लघवीचं प्रमाण का वाढतं? तिने लगेच लिहिलं, "ते लूप डाययुरेटिक आहे, थिक ॲसेंडिंग लिंबवर काम करतं, तिथला सोडियम-पोटॅशियम-दोन क्लोराइड को-ट्रान्सपोर्टर ब्लॉक करतं." अगदी बरोबर. (थिक ॲसेंडिंग लिंब म्हणजे किडनीतल्या बारीक नळीला जे हेन्लेचा लूप नावाचं वळण असतं त्याचा वर चढणारा जाड भाग, आणि को-ट्रान्सपोर्टर म्हणजे तिथून मीठ बाहेर नेणारी यंत्रणा, पुढे तिलाच मी पंप म्हटलंय.) मग विचारलं, पण थिक ॲसेंडिंग लिंबमधून तर पाणी बाहेर जातच नाही, तो भाग पाण्यासाठी बंद असतो, मग तिथला पंप बंद पडल्यावर पाणी का वाढलं? इथे गाडी थांबली. टेबलमध्ये "ॲसेंडिंग लिंब: पाण्याला अभेद्य" अशी ओळ होती, "फ्युरोसेमाइड: को-ट्रान्सपोर्टर ब्लॉक" अशीही ओळ होती, दोन्ही तिला पाठ होत्या, फक्त एकीवरून दुसरीवर जायचा रस्ता कुठेच नव्हता.

तो रस्ता असा आहे, आणि ही केस समजायला तो लागणारच आहे म्हणून लिहिते. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, म्हणजे बाकीचं जवळजवळ सगळं परत घेतलं जातं. त्यातलं शेवटचं, हवं तसं कमीजास्त करता येणारं काम कलेक्टिंग डक्टमध्ये, म्हणजे नळीच्या शेवटच्या टप्प्यात होतं, एडीएच हे हार्मोन असेल तर तिथली भिंत पाण्याला मोकळी होते. पण भिंत मोकळी झाली म्हणून पाणी आपोआप जात नाही, बाहेर खारटपणा जास्त असला तरच ते ओढलं जातं. हा खारटपणा, मेडुलात, म्हणजे किडनीच्या आतल्या भागात, अगदी टोकाला १२०० मिलिऑस्मोलपर्यंत जाणारा, मुळात तयार होतो तो थिक ॲसेंडिंग लिंब मीठ बाहेर फेकतो आणि पाणी आत ठेवतो म्हणून. फ्युरोसेमाइडने तो पंप बंद केला की मीठ नळीतच राहतं, मेडुला पुरेसा खारट राहत नाही, मग एडीएच असूनही कलेक्टिंग डक्टमधून पाणी ओढलं जात नाही. औषध काम करतं एका जागी, पाण्याचा हिशेब बिघडतो दुसऱ्याच जागी. हे ऐकल्यावर ती म्हणाली "अरे, हे तर मला माहिती होतं." तुकडे माहिती होते हे खरंच होतं, आणि लॉन्ग क्वेश्चन नेमके तुकडे जोडायलाच सांगतो.

आता हे का झालं. अभ्यास कमी पडला म्हणून नाही, वेळ ती भरपूर देत होती. पण चॅप्टर वाचून त्यातलं महत्त्वाचं काय ते निवडणं, दोन गोष्टींचा संबंध लावणं, आपल्या शब्दांत मांडणं, ही जी डोकं दुखवणारी कामं आहेत ती सगळी एआय करत होतं, आणि तिच्या वाट्याला उरलं होतं तयार झालेलं वाचणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, पण आतून दोन्ही अगदी सारखंच भासतं, तिथेच माणूस फसतो.

यावर एआयच्या कितीतरी आधीचा एक प्रयोग आहे जो मी प्रत्येक वेळी सांगते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी कागद बंद करून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले आणि आठवून लिहिणारे ५६ वर होते. त्याच पेपरमधल्या दुसऱ्या प्रयोगात तर परत परत वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती की आपल्या लक्षात राहील. माझ्यासमोर बसलेल्या मुलीचं हुबेहूब हेच चाललं होतं, फरक इतकाच की वाचायचा मजकूर आता मागाल तितका आणि मागाल तितका सोपा मिळत होता.

एआयवरचाही एक चांगला प्रयोग आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तुर्कस्तानात शाळेतल्या जवळपास १००० मुलांना गणिताच्या सरावाला एआय दिलं, २०२५ मध्ये तो पीएनएएस या विज्ञानपत्रिकेत छापून आला. एका गटाला साधं, विचाराल ते सांगणारं. दुसऱ्याला असं बांधलेलं की उत्तर देणार नाही, फक्त हिंट देईल. सराव करताना, एआय न मिळालेल्या तिसऱ्या गटापेक्षा, साध्या एआयवाल्यांचे मार्क ४८ टक्क्यांनी जास्त आणि हिंटवाल्यांचे १२७ टक्क्यांनी जास्त आले. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा साधं एआय वापरलेली मुलं, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. हिंटवाल्या गटात हे नुकसान जवळजवळ दिसलंच नाही. हे आकडे मी तिला दाखवले कारण घरच्यांच्या "बंद कर" ला आणि तिच्या "त्याशिवाय जमणारच नाही" ला एकदमच उत्तर मिळत होतं, टूल तेच असून काम काय दिलं यावर सगळं फिरलं होतं.

मग आम्ही काय बदललं. ॲप बदललं नाही, पैसे भरून मोठा प्लॅन घेतला नाही (ती तेच सुचवत होती). फक्त क्रम उलटा केला. आधी ती चॅप्टर पुस्तकातून वाचणार, पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिणार, आकृती काढणार, अडेल तिथे प्रश्नचिन्ह टाकणार आणि मगच एआय उघडणार. त्या कागदाचा फोटो काढून टाकायचा, सोबत चॅप्टरची पीडीएफ द्यायची, आणि लिहायचं की "या चॅप्टरशी ताडून बघ, माझ्या लिखाणात काय चुकलंय आणि काय सुटलंय ते सांग, बरोबर उत्तर लिहून देऊ नकोस, फक्त जागा दाखव."

पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती वैतागली. कागदावर जेमतेम अर्धं पान आलं होतं आणि त्यातही हेन्लेच्या लूपचे बाण उलटे. "याला खूप वेळ लागतो ताई, एवढ्यात माझे दोन चॅप्टर झाले असते." झाले असते म्हणजे काय, वाचून झाले असते. ते वैतागणं अगदी साहजिक आहे आणि खरं तर ही पद्धत लोक इथेच सोडतात, कारण जुन्या पद्धतीत रोज काहीतरी संपल्याचं समाधान मिळतं आणि या पद्धतीत रोज आपल्याला काय येत नाही तेच समोर येतं. तिला मी एवढंच म्हटलं की किडनी होईपर्यंत कर, नाही पटलं तर सोड.

दुसरा बदल व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, आणि या केसमध्ये सगळ्यात जास्त फायदा यानेच झाला असं माझं मत आहे. प्रॉम्प्ट साधारण असा होता: "तू फिजिऑलॉजीचा परीक्षक आहेस, मी दिलेल्या चॅप्टरमधूनच विचार. एका वेळी एकच प्रश्न. 'काय' पेक्षा 'का' आणि 'हे बंद पडलं तर पुढे काय होईल' असे प्रश्न जास्त. मी उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. चुकले तर कुठल्या पायरीला चुकले तेवढंच सांग आणि परत विचार. कौतुक करू नकोस." शेवटचं वाक्य गंमत म्हणून नाही टाकलेलं. हे चॅटबॉट अर्धवट उत्तरालाही "वा, उत्तम उत्तर, फक्त थोडी भर घालूया" म्हणतात आणि मग भर म्हणून आख्खं उत्तर स्वतःच लिहून मोकळे होतात, की संपला व्हायवा. सूचना देऊनही सात-आठ प्रश्नांनंतर ते परत जुन्या वळणावर जातं, तेव्हा सूचना पुन्हा पेस्ट करायची नाहीतर सरळ नवीन चॅट उघडायची. काही ॲपमध्ये आता अभ्यासासाठी वेगळा मोड असतो, चॅटजीपीटीत तो २०२५ च्या जुलैत आला, तिथे पायरी-पायरीने जाणं आपोआप होतं, पण त्यातही "मला उत्तरच दे" म्हटलं की मिळतंच, म्हणजे शिस्त शेवटी आपल्यालाच पाळावी लागते.

आता चुकांबद्दल, कारण यावर ती सुरुवातीला अजिबात विश्वास ठेवत नव्हती, "एवढं डिटेल सांगतं ते चुकीचं कसं असेल". पहिली चूक एमसीक्यूमध्ये सापडली. एआयने प्रश्न बनवला की एडीएच कुठे काम करतं, पर्यायांमध्ये डिस्टल ट्युब्यूलचा शेवटचा भागही होता आणि कलेक्टिंग डक्टही, आणि उत्तर म्हणून एकच दिलं होतं. दोन्ही ठिकाणी करतं. अशा प्रश्नावर सराव केला की बरोबर येणारं मूलसुद्धा गोंधळतं, म्हणून तिला सांगितलं की एआयच्या एमसीक्यूची उत्तरं पुस्तकात बघितल्याशिवाय मान्य करायची नाहीत, आणि जुने पेपर मिळत असतील तर एमसीक्यू तिथूनच घ्यायचे.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची होती. तिला म्हटलं, मुद्दाम खोटं सांगून बघ. तिने टाइप केलं, "नाही, तू चुकतोयस, ॲसेंडिंग लिंबमधून पाणी बाहेर जातं आणि डिसेंडिंग बंद असतो." आणि त्याने दिलगिरी व्यक्त करून मान्य केलं! वर तिच्या उलट्या माहितीवर आधारित छान स्पष्टीकरणही लिहून दिलं. ती बघतच राहिली. यात जादू काही नाही, हे मॉडेल पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त ते बघत वाक्य बांधतं, आणि माणसांना कुठलं उत्तर आवडतं यावरूनही त्याला घडवलेलं असतं, तेव्हा समोरच्याच्या सुरात सूर मिसळणं त्याच्या अंगात असतं. दर वेळी असंच होईल असं नाही, बऱ्याचदा ते ठामही राहतं, पण अभ्यासात आपण चुकीच्या गोष्टीवरच जास्त ठाम असतो, मग नेमकं तेव्हाच ते मान डोलावणार असेल तर तपासायला पुस्तकच हवं. यानंतर तिने स्वतःहून एक सवय लावून घेतली, "बरोबर ना?" असं विचारायचंच नाही, "या वाक्यात काय चूक असू शकते?" असं विचारायचं. ही युक्ती मी सांगितलेली नाही, तिची आहे, आणि चांगली आहे.

आकृत्यांच्या बाबतीत तर फारच वैताग. नेफ्रॉनची (किडनीतल्या गाळण्याच्या सूक्ष्म एककाची) लेबल केलेली आकृती मागितली की चित्र देखणं येतं आणि लेबलचे बाण भलतीकडे, एकदोन नावं तर अस्तित्वातच नसलेली. आकृती हाताने, पुस्तकात बघून, यावर मी अजूनही ठाम आहे.

फ्लॅशकार्डचं प्रकरण मधल्या मधेच वाढलं. तिला अंकी हे फ्लॅशकार्डचं ॲप सापडलं, मग तिने एआयला सांगून एका चॅप्टरची ढीगभर कार्ड बनवून घेतली, आणि तिसऱ्या दिवसापासून ॲप उघडलंच नाही. अंतर ठेवून परत परत आठवणं हे उत्तमच आहे, एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता, तो १८८५ मध्ये छापला, आणि डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञाच्या टीमने २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या तेव्हा स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं या दोनच पद्धतींना सगळ्यात वरचा दर्जा दिला, हायलाइट करणं आणि परत वाचणं खालच्या दर्जात. पण कार्ड दुसऱ्याने बनवलेली असली की त्यातलं निम्मं आपल्याला आधीच येत असतं आणि निम्मं नको असतं. शेवटी ठरलं ते असं, व्हायवात जिथे चूक झाली फक्त त्याचंच कार्ड, तिने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, एआयने फार तर वाक्य तपासून द्यायचं. कार्ड खूप कमी झाली आणि म्हणून ती रोज होऊ लागली.

एआयचा जिथे मनापासून फायदा झाला तेही सांगते, नाहीतर हे सगळं तक्रारीसारखंच वाटेल. वर्गात विचारायला लाज वाटेल असे प्रश्न ती बिनधास्त विचारायची. ऑस्मोलॅरिटी (द्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) म्हणजे नक्की काय हे तिला मुळातच धड कळलेलं नव्हतं आणि हे कबूल करायला तिला एआयच बरं वाटलं, रात्री उशिरा, कोणी बघत नसताना. तिने आपल्या भाषेत विचारलं, आपल्या भाषेत समजून घेतलं आणि मग उत्तर परीक्षेच्या भाषेत स्वतः लिहिलं. इथे "सोप्या भाषेत सांग" म्हणणं अगदी योग्य होतं, कारण तिने आधी धडपड केली होती आणि नेमकं कुठे अडलंय ते तिला माहिती होतं. हार्वर्डमधल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात, तोही २०२५ चाच, नीट आखलेल्या एआय ट्यूटरसोबत बसलेली मुलं वर्गातल्या चांगल्या शिकवण्यापेक्षाही कमी वेळात जास्त शिकली होती, पण तो ट्यूटरही एका वेळी एकच पायरी सांगेल असाच बनवलेला होता. म्हणजे घरच्यांचं "बंद कर" ऐकलं असतं तर हेही गेलं असतं.

असाइनमेंटचा प्रश्न तिने मधेच काढला, "मग लिहून घेतलं तर चालेल का?" कॉलेजचा नियम काय आहे तो बघ आणि तोच पाळ, यापलीकडे मी त्यात पडले नाही. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली, प्रॅक्टिकलला किंवा पोस्टिंगला पेशंटच्या केसशीट हातात आल्या तर त्यांचा फोटो काढून चॅटमध्ये टाकायचा नाही, नाव खोडूनही नाही, ती माहिती तुझी नाही.

निकाल काय लागला? पुढच्या परीक्षेत लॉन्ग क्वेश्चनचे मार्क स्पष्ट वाढले, "का" विचारलेल्या प्रश्नांना तिने बाण काढत काढत उत्तरं लिहिली होती, एमसीक्यू मात्र होते तिथेच राहिले. अभ्यासाचे तास कमी झाले नाहीत, उलट सुरुवातीला वाढले. हे सगळं पद्धतीमुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, एकच मुलगी आहे, त्याच काळात ती रात्री जागणंही कमी करत होती आणि एक मैत्रीणही सोबत अभ्यासाला बसू लागली होती, त्या दोघी एकमेकींचा व्हायवा घ्यायच्या आणि मला वाटतं मैत्रीण एआयपेक्षा कडक होती. पण मला मार्कांपेक्षा तिची चॅट हिस्टरी जास्त बोलकी वाटते. आता तिथे तिचे मेसेज लांब आहेत आणि एआयचे छोटे.

सगळं सुधारलं असंही नाही. परीक्षा जवळ आली की ती अजूनही समरी मागते, आणि ज्या चॅप्टरवर कोरा कागद झालेला आहे त्याची समरी शेवटच्या रात्री वाचायला माझी काहीच हरकत नाही. फार्माकोलॉजीत औषधांच्या नावांच्या लांबलचक याद्या येतात तिथे "का" विचारून फार काही निघत नाही, तिथे कार्ड आणि घोकणं. आणि बायोस्टॅटिस्टिक्समध्ये ती गणित अजून थेट एआयकडून सोडवून घेते, पायऱ्या वाचते आणि समजलं म्हणते. किडनीच्या वेळी ती जिथे होती ना, त्या विषयात ती आज तिथेच आहे, हे तिलाही माहिती आहे. पुढच्या वेळी बसू तेव्हा तिला पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते कोऱ्या कागदावर लिहायला सांगणार आहे.